रोज सहा सेकंद भिंत रेटून ताकद वाढते का?

‘वजने उचलण्याची गरजच नाही, रोज सहा सेकंद जोर लावून भिंत रेटा, आठवड्याला पाच टक्के ताकद वाढते, हे जर्मन शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. त्यातले शास्त्रज्ञ खरे आहेत. सांधा न हलवता स्नायू आवळून धरण्याच्या, म्हणजेच आयसोमेट्रिक, व्यायामाबद्दल हेटिंगर आणि म्युलर यांनी १९५३ साली असा निष्कर्ष मांडला होता. मात्र नंतरच्या प्रयोगांत इतरांना एवढी वाढ आढळली नाही आणि खुद्द म्युलर यांनीही पुढे आकडा बराच खाली आणला. चक्रवाढ सोडून सरळ बेरीज केली, तरी या दराने आज ४० किलो उचलणारा माणूस वर्षभरात १४४ किलो उचलू लागेल. एवढा हिशेब तरी मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी करायला हरकत नव्हती.

‘अमेरिकेचे वेटलिफ्टर याच व्यायामाने घडले,’ हा पुढचा दावा १९६०च्या सुमाराच्या बिल मार्च आणि लुई रिकी यांच्यावर बेतलेला आहे. हे दोघे मुळात वजने उचलणारेच होते आणि अमेरिकी वेटलिफ्टिंग संघाचे डॉक्टर जॉन झीग्लर त्यांना त्याच काळात डायनाबॉल हे स्टेरॉइडही देत होते, ही गोष्ट मजकुरातून सोयीस्करपणे गळली आहे.

खरी अडचण सांध्याच्या कोनाची आहे. कोपर काटकोनात ठेवून पायाखालचा टॉवेल वर खेचत राहिल्यास ताकद मुख्यतः त्या कोनात आणि त्याच्या आजूबाजूच्या पंधरा-वीस अंशांत वाढते. भरलेला गॅस सिलिंडर जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवताना मात्र गुडघे, कंबर आणि कोपर अनेक कोनांतून जातात. स्नायू लांबलेल्या स्थितीत ताण धरला तर लाभ अधिक कोनांत पसरतो, हे खरे. परंतु बारबेलवर अडीच किलो वाढवल्याचे जसे लगेच कळते, तसे भिंत काल किती रेटली आणि आज किती, हे ताणमापकाशिवाय कळत नाही.

‘रक्तदाब उतरतो’ हे मजकुरातले विधान खोटे नाही, पण ते येथे लागू पडत नाही. तो लाभ मध्यम जोराने दोन-दोन मिनिटे भिंतीला टेकून बसण्याच्या किंवा मूठ आवळण्याच्या, आठवड्यातून तीनदा केलेल्या व्यायामाचा आहे. श्वास कोंडून सर्व शक्तीनिशी भिंत रेटताना रक्तदाब त्या क्षणी झपाट्याने चढतो. म्हणून ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे, त्यांनी हा सहा सेकंदांचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.