पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं, त्याला गोड्या पाण्यात बुडवून मारू नका

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळणाऱ्यांमध्ये गेले काही महिने एक मेसेज सगळीकडे फिरतोय, "कोरल पांढरं पडलं? ७ दिवसांत रंग परत, ६ रामबाण उपाय". त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पांढरं पडणं म्हणजे बुरशी, ती मारायला कोरल १० मिनिटं गोड्या पाण्यात ठेवा, मग लाईट फुल करून १२ तास चालू ठेवा, टँकमध्ये माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाका, रोज आयोडीनचे थेंब घाला आणि पाण्यातली पोषकद्रव्यं, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, झीरोवर आणा. माझ्याकडे तीन-चार वेळा आला, मी वाचला, चिडले आणि सोडून दिला. तेव्हाच लिहायला हवं होतं. कारण मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला, "ताई, टॉर्च कोरल पांढरं पडलं होतं ना, मेसेजमध्ये दिलंय तसं केलं, आता त्यातनं शेंबडासारखं काहीतरी सुटतंय आणि पाण्याला वास मारतोय."

ते कोरल त्याने दीड वर्ष वाढवलं होतं, एका डोक्याची (म्हणजे तोंड आणि टेंटॅकल्स असलेल्या एका जिवाची) तीन डोकी झाली होती. बुडवायच्या आधी काढलेले फोटो त्याने मला नंतर पाठवले आणि ते बघून जीव तुटला, कारण कोरल जिवंत होतं. पांढरं होतं, पण सांगाड्याच्या उभ्या पात्यांवर काचेसारखं पातळ मांस नीट दिसत होतं, तोंडाची फट मिटलेली होती, टेंटॅकल्स, म्हणजे तोंडाभोवतालची मऊ बोटं, आखडलेले असले तरी निळ्या लाईटखाली त्यांची टोकं हिरवी चमकत होती. मेलेलं कोरल असं दिसत नाही हो.

तो मेसेज पहिल्याच ओळीत चुकलाय आणि पुढचं सगळं त्या चुकीवर उभं आहे. कोरलचा रंग बऱ्याच अंशी त्याच्या मांसात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. हे शैवाल उजेडातून अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं, काही जातींची तर रोजची ९० टक्क्यांपर्यंत गरज त्यातूनच भागते. पाणी तापलं, लाईट एकदम वाढला, पाण्याचा खारटपणा बदलला की हे नातं बिघडतं, शैवाल बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. हे ब्लीचिंग. कोरल उपाशी आहे, पण जिवंत आहे. दुसरा प्रकार वेगळा, त्यात मांसच गळून पडतं आणि उघडा सांगाडा उरतो, कडा धारदार, कोरड्या चुन्यासारख्या, आणि थोड्या दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ धरायला लागतं. ॲक्रोपोरा नावाच्या फांद्यांच्या कोरलमध्ये हे एका रात्रीत होऊ शकतं. दोन्ही लांबून पांढरंच दिसतं, म्हणून भिंग घ्या, पंप बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या आणि जवळून बघा की मांस आहे की नाही. निळ्या लाईटखाली चमकलं तर मांस आहे, पण नाही चमकलं म्हणून मेलं असं समजू नका, सगळी कोरल चमकत नाहीत. एवढं पाच मिनिटं बघितलं असतं तर भावाचं कोरल आज असतं.

बुरशीबद्दल एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. कोरलला बुरशीचा रोग होतच नाही असं नाही, कॅरिबियन समुद्रातल्या सी फॅनना, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या कोरलना, ॲस्परजिलस सिडोवी नावाच्या बुरशीमुळे रोग झाल्याची नोंद आहे. पण त्यात डागांभोवती जांभळट कडा येतात, अख्खं कोरल एकसारखं पांढरंफटक होत नाही.

आता ते गोडं पाणी. यावर मला सगळ्यात जास्त राग आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि कोरलच्या पेशींच्या आतला दाब त्याच्याशी जुळलेला असतो. ते उचलून गोड्या पाण्यात ठेवलं की पाणी पेशींच्या आत घुसतं, पेशी फुगतात आणि फुटतात. कोरलला मूत्रपिंड नाही, खवले नाहीत, जास्तीचं पाणी बाहेर फेकायची सोय नाही. ही कल्पना आली कुठून ते मला माहितीये, समुद्री माशांच्या अंगावरचे परजीवी काढायला त्यांना काही मिनिटं गोड्या पाण्यात ठेवतात, तेही तापमान आणि पीएच जुळवून आणि माशावरची नजर न हलवता. मासा ते सोसू शकतो कारण त्याचं शरीर आतले क्षार स्वतः सांभाळतं. कुणीतरी माशाचा उपाय उचलला आणि कोरलला चिकटवला. भावाने मोबाईलवर टायमर लावून पूर्ण १० मिनिटं मोजली. सहाव्या मिनिटाला मांस पांढऱ्या दोऱ्यांसारखं लोंबायला लागलं होतं, आणि मेसेजमध्ये लिहिलेलं की "बुरशी सुटताना दिसेल, घाबरू नका". म्हणून तो घाबरला नाही. ती बुरशी नव्हती रे, ते कोरल होतं. दोन डोकी दुसऱ्या दिवशी गेली, तिसरं चौथ्या दिवशी. मी आधी त्याच्यावरच ओरडले आणि मग फार वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती, त्याने विश्वास ठेवला होता.

कोरलसाठी डिप असतात, म्हणजे औषध घातलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं, पण ते टँकच्याच खाऱ्या पाण्यात करतात आणि कशासाठी करतोय ते माहीत असलं पाहिजे. ॲक्रोपोरावर गोल फिकट चावे दिसले तर चपटे किडे असू शकतात, डिपने ते सुटतात पण त्यांची अंडी मरत नाहीत, ती सांगाड्यावरून खरवडून काढावी लागतात आणि डिप काही दिवसांनी परत परत करावा लागतो. ब्लीचिंगवर मात्र कुठलाच डिप नाही, कारण तिथे मारायला काही नसतंच.

लाईट फुल करा म्हणे. भावाला मी विचारलं, या महिन्यात काय बदललंस? तर नवीन एलईडी, आठ दिवसांपूर्वी लावलेला, पहिल्या दिवसापासून ९० टक्क्यांवर. म्हणजे कोरल मुळात लाईटनेच भाजलं होतं आणि मेसेज सांगतो अजून वाढवा! झेपेल त्यापेक्षा जास्त उजेड पडला की शैवालात ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, म्हणूनच तर ते बाहेर जातं. शिवाय मांसातला रंग गेला की सांगाडा आरशासारखा उजेड परत फेकतो आणि उरल्यासुरल्या शैवालावर आणखी मारा होतो. ब्लीच झालेलं कोरल सावलीत, खाली ठेवायचं, लाईट कमी करायचा आणि मग काही आठवडे घेऊन हळूहळू वाढवायचा.

अँटिबायोटिकचा मुद्दा लोकांना पटतो कारण मेसेजमध्ये लिहिलंय "अमेरिकेत शास्त्रज्ञ समुद्रात हेच वापरतात". अर्धं खरं आहे. फ्लोरिडात २०१४ पासून एक भयंकर रोग पसरलाय, दगडी कोरलचं मांस झपाट्याने गळतं, आणि तिथे ॲमॉक्सिसिलिन खरंच वापरतात. पण कसं, ते वाचा ना. पाणबुडे खाली जाऊन प्रत्येक कोरलच्या जखमेच्या कडेवर ॲमॉक्सिसिलिन मिसळलेली घट्ट पेस्ट हाताने लावतात, पेस्ट अशी की औषध तिथल्या तिथे हळूहळू सुटेल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात ही पेस्ट स्पष्टपणे उपयोगी ठरली, तर क्लोरीन मिसळलेलं इपॉक्सी (घट्ट होणारा लेप) लावून काही फायदा दिसला नाही. हा उपचारही गळणाऱ्या मांसाच्या कडेसाठी आहे, ब्लीचिंगसाठी नाही, आणि त्याने नव्या जखमा थांबत नाहीत, पाणबुड्यांना परत परत जावं लागतं. म्हणजे ज्यांच्या नावावर हे खपवलं जातंय तेच लोक रोग ओळखून, जखम शोधून, तेवढ्यावरच औषध लावतात. तुम्ही कॅप्सूल फोडून अख्ख्या टँकमध्ये टाकता तेव्हा डोस किती, कुठल्या जिवाणूसाठी, काहीच माहीत नसतं. टँकमधले चांगले जिवाणू दुखावले गेले तर अमोनिया वाढून मासेही जातील. आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढवून ते पाणी मोरीत ओतायचं हे माणसांच्या दृष्टीनेही वाईट.

आयोडीन: वेगळ्या भांड्यात, खाऱ्या पाण्यात, कापलेल्या किंवा जखमी कोरलला थोडा वेळ डिप म्हणून उपयोगी पडतं, मी स्वतः वापरते. मोजमाप न करता रोज टँकमध्ये थेंब टाकत राहिलात तर साठत जातं आणि विषारी होतं. बस.

नायट्रेट-फॉस्फेट झीरो हा सल्ला तर ब्लीचिंगला आमंत्रण आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या कोरल लॅबने २०१७ मध्ये दाखवलंय की फॉस्फेटची उपासमार झाली की कोरल ब्लीच होतं, आणि तो प्रयोग युफिलियावर होता, म्हणजे टॉर्चच्याच कुळातल्या कोरलवर. जास्त नको हे बरोबर, पण शून्य नको. दोन्ही थोडे मोजता येतील इतके असू देत. भावाने मेसेज वाचून फॉस्फेट काढायचं मीडिया, म्हणजे फॉस्फेट शोषून घेणारे दाणे, दुप्पट घातलं होतं, ते आम्ही पहिल्याच दिवशी काढलं. मग खारटपणा मोजला, तो मोजायचं यंत्र (रिफ्रॅक्टोमीटर) ३५ खारटपणाच्या कॅलिब्रेशन द्रावणाने सेट करून, नुसत्या आरओ पाण्याने नाही. अल्कलिनिटी मोजली, तापमान दुसऱ्या थर्मामीटरने तपासलं. सगळं ठीक होतं, फक्त लाईट आणि फॉस्फेट. म्हणजे उपचार होता दोन गोष्टी परत फिरवणं आणि थांबणं.

आणि ते "७ दिवसांत रंग". त्याच टँकमधलं हॅमर कोरलही फिकं पडलं होतं, पुढचा नंबर त्याचाच होता, बुडवायला गोडं पाणी काढून ठेवलेलं. ते आम्ही तळाशी दगडाच्या आडोशाला ठेवलं, लाईट ३५ टक्क्यांवर आणला, दिवसाआड रात्री पंप बंद करून पिपेटने कोळंबीचा अगदी बारीक तुकडा तोंडाशी देतो. आज सव्विसावा दिवस आहे. बुडाशी, जिथे मांस सांगाड्याच्या कडेवरून खाली उतरतं, तिथे बोटभर तपकिरी छटा आलीये. बाकी अजून पांढरंच आहे.