बांगेत अकबर बादशहाचं नाव नाही हो

आमच्या खानापूरच्या एका ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरायलाय, म्हणे मशिदीतली बांग म्हणजे अकबर बादशहाचा जयजयकार, आणि लोकं पण न वाचताच पुढं ढकलायलेत. अहो, अकबर जन्मला 1542 ला आणि बांग सुरू झाली पैगंबरांच्या काळात, मदिनेत, म्हणजे त्याच्याआधी नऊशे वर्षं, मग त्याचं नाव कुठनं येणार? 'अकबर' हा अरबी शब्द, अर्थ सगळ्यात मोठा. अल्लाहू अकबर म्हणजे अल्लाह सगळ्यात मोठा, बस. बादशहाला ते नाव नंतर ठेवलं, आपल्याकडं पोराला महादेव ठेवतात तसं.

आणि बांग म्हणजे नमाज पण नव्हे, ते नमाजाला या म्हणून बोलावणं. दिवसातनं पाच वेळा. पहाटेच्या बांगेत एक ओळ जास्त असते, 'अस्सलातु खैरुम मिनन्नौम', म्हणजे झोपेपेक्षा नमाज बरी. आमच्या शेजारच्या चाचांनी हे सांगितलं तेव्हा मी हसलोच, कारण आमची आई पण पहाटे काकड आरतीला उठवताना जवळजवळ हेच बोलायची, फक्त शिव्या घालून.