चौदा संघांचं पाणी प्यायलेला क्वार्टरबॅक ‘नापास’ नसतो

अमेरिकन फुटबॉलबद्दलचा एक मजकूर सारखा फॉरवर्ड होत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, संघामागून संघ बदलणारा खेळाडू म्हणजे नापास माल. एकामागून एक संघ त्याला हाकलतात, तरी कोट्यवधी डॉलरचा करार त्याच्या खिशात असतो आणि तो बाकावर बसून फुकट पगार खातो. यातला प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि चूक कुठे होते ते नेमकं दाखवता येतं.

आधी पैशाचं बघू. आयपीएलच्या लिलावातला आकडा एका हंगामाचा असतो. एनएफएलची बातमी मात्र पूर्ण कराराची एकूण रक्कम सांगते, आणि त्यातली हमी दिलेली रक्कमच खरी. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा आणि चाल चालवणारा खेळाडू) रायन फिट्झपॅट्रिकने ऑक्टोबर 2011 मध्ये बफेलो बिल्सशी सहा वर्षांचा, 5.9 कोटी डॉलरचा करार केला. हमी होती 2.4 कोटींची. मार्च 2013 मध्ये बफेलोने त्याला मोकळं केलं आणि पुढच्या वर्षांचे आकडे कागदावरच राहिले.

फिट्झपॅट्रिकला निदान तेवढं मिळालं. फिरत्या खेळाडूंपैकी बहुतेक जण किमान वेतनावर खेळतात. 2025 मध्ये ते नवख्याला 8 लाख 40 हजार डॉलर आणि सात किंवा जास्त हंगाम झालेल्याला 12 लाख 55 हजार होतं. पण हा हिशोब आठवड्यांवर चालतो, आणि हंगाम 18 आठवड्यांचा. नवखा खेळाडू पाच आठवडे मुख्य संघात राहून सुटला तर त्याच्या हाती अठरापैकी पाच हिस्से, म्हणजे सुमारे 2 लाख 33 हजार. प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या (सरावासाठी ठेवलेल्या राखीव तुकडीतल्या) तरुणाला त्याच वर्षी आठवड्याला 13 हजार मिळत. पूर्ण हंगाम टिकला तर 2 लाख 34 हजार. यातून केंद्राचा कर जातो, ज्या ज्या राज्यात सामना खेळला तिथला कर जातो, आणि एजंटचे 3 टक्क्यांपर्यंत. रक्कम लहान नाही, हे मान्य. पण खेळाडूंच्या संघटनेच्या हिशोबाने सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नसते, आणि एवढ्यावर आयुष्यभराची सोय होत नाही.

आता ‘हाकललं’ या शब्दाकडे. सराव शिबिरात प्रत्येक संघाकडे 90 खेळाडू असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस 53 उरावे लागतात. 32 संघांचा हिशोब केला तर हजाराहून जास्त खेळाडू एकाच वेळी बाहेर पडतात. पुढेही जागांचं गणित चालूच असतं. एखाद्या लाइनमनचा (पुढच्या फळीतल्या खेळाडूचा) गुडघा गेला की त्याच्या जागी माणूस आणायला कोणाला तरी वगळावं लागतं, आणि ती पाळी बहुतेकदा तिसऱ्या क्वार्टरबॅकवर येते. शिवाय चार हंगाम पुरे केलेला खेळाडू पहिल्या आठवड्यात मुख्य संघात असेल, तर पुढे सोडल्यावरही त्याला त्या हंगामाचा उरलेला पगार मागता येतो. म्हणून काही संघ अशा माणसाला आधी सोडतात आणि पहिला सामना झाल्यावर पुन्हा घेतात. नोंदीत ते ‘काढलं’ आणि ‘घेतलं’ असं दिसतं, पण त्याच्या खेळाच्या दर्जाशी याचा काहीच संबंध नसतो.

सगळ्यात जास्त अन्याय करणारा मुद्दा ‘बाकावर बसून फुकट पगार’ हा. दर नव्या संघात क्वार्टरबॅकला नवी भाषा शिकावी लागते. एअर कोरिएल या चाली सांगण्याच्या पद्धतीत रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) धावेला आकडा असतो: 8 म्हणजे पोस्ट (तिरकं गोलखांबांकडे), 9 म्हणजे सरळ पुढे. वेस्ट कोस्ट पद्धतीत तेच शब्दांनी सांगतात आणि एक हाक दहा-बारा शब्दांची होते. अर्हार्ट-पर्किन्समध्ये एकच शब्द अख्खी रचना सांगतो. घड्याळावर 40 सेकंद असतात आणि 15 उरले की हेल्मेटमधला रेडिओ बंद होतो. तेवढ्यात रचना, संरक्षण, धावा आणि स्नॅपचा (चेंडू मागे देऊन चाल सुरू करण्याचा) इशारा न अडखळता सांगायचा. संरक्षणाची दिशा चुकीची सांगितली तर सेंटर (चेंडू मागे देणारा) डावीकडे वळतो, रनिंग बॅकही (चेंडू घेऊन धावणारा) तिकडेच, आणि उजवीकडून बचावपटू मोकळा थेट अंगावर येतो.

आणि हे सगळं जवळजवळ सरावाविना! आठवड्यातले बहुतेक सराव पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला मिळतात. राखीव खेळाडू कार्डांवरून प्रतिस्पर्ध्याच्या चाली आपल्याच बचावफळीसमोर खेळून दाखवतो. स्वतःच्या चाली त्याने व्हिडिओ बघून, डोक्यात घोटायच्या.

जॉश जॉन्सनचं उदाहरण घ्या. 2008 मध्ये नवख्यांच्या निवडीत (ड्राफ्ट) पाचव्या फेरीत टँपा बेने निवडलेला हा क्वार्टरबॅक पुढे विक्रमी 14 संघांत राहिला. डिसेंबर 2018 च्या पहिल्या आठवड्यात वॉशिंग्टनने त्याला बोलावलं, तेव्हा नव्या सहकाऱ्यांची नावं कळावीत म्हणून तो मॅडन हा व्हिडिओ गेम खेळला. 16 डिसेंबरला, 2011 नंतर पहिल्यांदाच सुरुवातीपासून मैदानात उतरून, त्याने जॅक्सनव्हिलला 16-13 असं हरवलं. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जेट्सकडून बदली उतरून त्याने पास फेकून 317 यार्ड आणि 3 टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) मिळवले. डिसेंबरमध्ये बॉल्टिमोरने त्याला जेट्सच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवरून उचललं. दोन आठवडेही झाले नव्हते, तोच त्याने सिनसिनाटीविरुद्ध 40 पैकी 28 पास पुरे करत 304 यार्ड मिळवले. सामना बॉल्टिमोर हरलं, पण बचावफळीने 41 गुण दिल्यावर क्वार्टरबॅकने आणखी काय करायचं?

जानेवारी 2023 मध्ये एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीचं कोपर दुखावलं आणि जॉन्सन उतरला. त्याच्या हातून एक स्नॅप निसटला हे खरं, पण तिसऱ्या सत्रात डोक्याला मार लागून तोही बाहेर गेला. संघाकडे तिसरा क्वार्टरबॅक नव्हता. नीट फेकता न येणाऱ्या पर्डीला परत यावं लागलं आणि फिलाडेल्फिया 31-7 जिंकलं. त्याच वर्षी एनएफएलने नियम बदलून आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकची सोय पुन्हा सुरू केली.