‘मागून गाडी दणकते’ या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार नीट वाचली. मागचे पाटे (एक्सलवर गाडीचं वजन झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा) बदलल्यापासून गाडी खड्ड्यात दणकते, ४ इंच उंची मागूनही आम्ही दिली नाही, चांगले ब्लॉक (उंची वाढवायला एक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठेवलेले ठोकळे) काढून टाकले, वर बोल्ट आवळायला परत बोलावलं. आता तेच ब्लॉक दुसरीकडून बसवून घेणार, असंही तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या वाक्यामुळे सविस्तर लिहितोय.

दणका बसतोय हे खरंच आहे, आणि त्याचं कारण तुम्ही टाकलेल्या फोटोत दिसतंय. गाडीचा मागचा, सामानाचा हौदा रिकामा आहे. तुम्ही आलात तेव्हा त्यात पाण्याची टाकी, हत्यारांची पेटी, दोन स्टेपन्या आणि वर टप होता, आणि हे सगळं कायम गाडीतच असतं असं तुम्ही सांगितलंत. त्या सामानासकट मागच्या एक्सलचं वजन करून आम्ही पाटे निवडले. फोटोत शॅकल (पाट्याचं टोक चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी झुलती कडी) जवळपास उभी दिसतेय. गाडी भरलेली होती तेव्हा तिचं खालचं टोक मागे झुकलेलं होतं. पाटा दबला की सरळ होत लांबतो, आणि शॅकलने मागे झुलून त्याला वाट द्यायची असते. ती उभीच राहिली तर ती वाट सहज मिळत नाही आणि धक्का पाट्यात न मुरता चेसीला जाऊन लागतो.

जाडीचा हिशेब फार फसवा असतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मिमीच्या जागी १० मिमीचं पान घातलं तर ते जवळजवळ दुप्पट कडक होतं, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कुणी ‘जरा जाड पान टाका’ म्हटलं की आम्ही आधी वजन विचारतो.

आता ब्लॉक. तुमच्या गाडीत एकावर एक असे दोन ठेवलेले होते. उतरवल्यावर ते तुमच्या हातात दिले होते. खालच्या ब्लॉकमधलं पिनेचं भोक झिजून लंबगोल झालं होतं, म्हणजे एक्सल जागेवर राहत नव्हता. ब्लॉक जितका उंच, तितकी एक्सलला पाटे पिळायला तरफ मोठी मिळते. लो गिअरमध्ये चढ चढताना पाट्याचा नागमोडी आकार होतो, डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) नाक वर उचललं जातं आणि त्याला जोडलेल्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, झिजतात. शिवाय तुमच्या गाडीत मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (गाडीतल्या वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) सळईने एक्सलला जोडलेला आहे. नुसती उंची वाढवली की तो गाडी रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. भरलेली गाडी उतारावर असताना हे जिवावर बेतू शकतं. आम्ही पाट्याच्या कमानीतून मिळेल तेवढीच उंची दिली आणि त्या सळईचा ब्रॅकेट त्याप्रमाणे सरकवून दिला. कृपा करून ते ब्लॉक परत बसवू नका, आमच्याकडे नाही आणि दुसरीकडेही नाही.

बोल्ट आवळायला बोलावलं, कारण नवी पानं थोडं चालल्यावर एकमेकांवर बसतात आणि पाटे एक्सलला आवळून धरणारा यू-बोल्ट सैल पडतो. मग सगळा भार पानांना मधोमध एकत्र धरणाऱ्या एकट्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटला की एक्सल सरकतो. हे आवळणं कामाचाच भाग आहे.

टप आणि टाकी कायमची उतरवली असेल तर तसं कळवा. पाट्यातलं एक पान कमी करून नवे यू-बोल्ट घालू (जुने ताणलेले असतात, ते परत वापरत नाही) आणि व्हॉल्व्हची सळईही पुन्हा जुळवू. कधी भरलेली, कधी रिकामी चालवणार असाल तर मऊ पाटे आणि मदतीला एअर बॅग (पाट्याला आधार देणारी हवेची उशी) हा पर्याय मला जास्त पटतो. येताना रोज जेवढं सामान असतं तेवढंच हौद्यात ठेवून या. तोवर मागच्या टायरमध्ये भरल्या गाडीची हवा असेल तर ती गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर आणा. थोडा फरक लगेच जाणवेल.