ब्रांडबर्गची ‘गोरी बाई’: ती गोरी नाही, आणि बाईही नाही

गेल्या महिन्याभरात हीच पोस्ट माझ्याकडे तिसऱ्यांदा आली. नामिबियातल्या ब्रांडबर्ग डोंगरातलं एक चित्र आणि खाली मजकूर असा: हजारो वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडून गोरे लोक आफ्रिकेच्या दक्षिण भागापर्यंत पोचले होते, ही त्यांची राणी, शिकारी आदिवासींना असलं चित्र काढणं शक्यच नव्हतं, आणि इतिहासकारांनी हे सगळं दडपून ठेवलं. ‘द व्हाइट लेडी’ या नावाने हे चित्र जगभर ओळखलं जातं. पोस्टमधलं चित्र अस्सल आहे. त्यावर रचलेलं बाकी सगळं मात्र चूक आहे.

आधी गोरेपणाचं बघू. आकृती जेमतेम चाळीस सेंटिमीटर उंच, म्हणजे हातभरही नाही. ती सगळी पांढरी नाहीच. पांढरा रंग आहे तो मुख्यतः पायांवर आणि कमरेखाली. आता आपल्याकडची वारली चित्रं आठवा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती माणसं पांढरीशुभ्र असतात, म्हणून वारली समाज युरोपातून आला असं कुणी म्हणत नाही. रंग चित्रातला असतो, कातडीचा असेलच असं नाही. शिवाय अंगाला माती किंवा रंग फासून विधीत उतरण्याची चाल कित्येक समाजांत आहे. ब्रांडबर्गच्या या आकृतीचा पांढरेपणा तसाच, विधीसाठी अंगाला लावलेला रंग असावा, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

आता ‘बाई’. फोटो मोठा करून शांतपणे पाहा. एका हातात फुलासारखं किंवा पेल्यासारखं काहीतरी आहे, दुसऱ्या हातात धनुष्य आणि बाण. अंगावर दागिने आहेत, पण छातीला स्त्रीचा उभार नाही. याच डोंगरातल्या इतर चित्रांत बायका काढल्यात तिथे तो स्पष्ट दाखवलेला आहे. सान, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण भागातले मूळचे शिकारी लोक, त्यांच्यात धनुष्यबाण पुरुषाच्या हातात असतो. हा पुरुष आहे, बहुधा विधी करणारा वैदू. त्याच कातळावर एक हरणासारखा प्राणी आहे, त्याचे मागचे पाय माणसाचे. सान लोकांच्या चित्रांत अर्धा प्राणी, अर्धा माणूस असं रूप वारंवार येतं. अंगात आल्यावर, समाधीत गेल्यावर वैदू दुसऱ्या रूपात शिरतो या श्रद्धेशी ते जोडलेलं आहे. शेजारचा हा प्राणी कापून टाकून फक्त ‘राणी’ फिरवली, की तिला वाटेल तिथली ठरवता येतं. पोस्टमध्ये नेमकं तेच केलंय.

“मोठ्या फ्रेंच तज्ज्ञानेच सांगितलंय,” हे उत्तर मला दोन ठिकाणी मिळालं. खरं आहे, आबे ब्रॉय यांनी सांगितलं होतं, आणि ते लहान माणूस नव्हते. युरोपातल्या गुहाचित्रांचा अभ्यास त्यांनीच उभा केला. पण क्रम बघा. 1918 च्या सुरुवातीला राइनहार्ड माक हा जर्मन सर्वेक्षक डोंगराच्या शिखरावरून उतरताना त्या कपारीत थांबला आणि त्याने चित्राची नक्कल वहीत उतरवली. ब्रॉय यांनी 1929 मध्ये पाहिली ती नक्कल. ग्रीसजवळच्या क्रीट बेटावर नोसॉस नावाचा प्राचीन राजवाडा आहे, तिथल्या भित्तिचित्रांशी त्यांनी तिचं नातं जोडलं. मूळ कातळासमोर ते उभे राहिले 1947 मध्ये. अठरा वर्षं मनात मुरलेलं मत घेऊन गेलेल्या माणसाला तेच दिसलं, यात मला नवल वाटत नाही. मोठ्या माणसाची चूकही चूकच असते.

आणि ‘त्यांना जमणं शक्य नव्हतं’ हे वाक्य वाचून मला खरोखर राग येतो. हाराल्ड पागर हा माणूस 1977 पासून 1985 मध्ये मरण येईपर्यंत ब्रांडबर्गमध्ये राबला, कातळावर पारदर्शक कागद लावून एकेक रेघ उतरवत. नोंद झाली सुमारे नऊशे ठिकाणांची आणि चाळीस हजारांहून जास्त आकृत्यांची. ही चाळीस हजार चित्रंही क्रीटहून आलेल्यांनीच काढली का? नामिबियाच्याच दक्षिणेला ‘अपोलो 11’ नावाच्या गुहेत प्राणी रंगवलेल्या दगडी पाट्या मिळाल्या, त्या पंचवीस हजार वर्षांहून जुन्या आहेत. तेव्हा नोसॉसचा राजवाडा कुठे होता?

ही चाल जुनी आहे. झिंबाब्वे देशातल्या ग्रेट झिंबाब्वे या जुन्या शहराचे दगडी कोट पाहून 1871 मध्ये कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने त्यांचा संबंध बायबलमधल्या शीबाच्या राणीशी लावला. 1905 मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून ते आफ्रिकी लोकांनीच बांधल्याचं दाखवलं. तरी तीही गोष्ट अजून फिरतेच. माक त्या कपारीत पोचला त्याआधीच्या काही वर्षांत, जर्मन राजवटीत, सान लोकांचा जनावरांसारखा पाठलाग करून त्यांना मारलं जात होतं. माणसं मारली, आणि त्यांच्या पूर्वजांची चित्रं परक्या राणीच्या नावावर चढवली.

राहिलं ‘दडपून ठेवलं’. हे चित्र 1951 मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. त्सिसाब घळीतून पाऊण-एक तास चालत गेलं की कपार येते. वर्षानुवर्षं लोक येत राहिले आणि फोटोत रंग उठून दिसावेत म्हणून चित्रावर पाणी, काहीजण तर सोडासुद्धा ओतत राहिले. त्याने रंग फिके पडले. आता पुढे कठडा आहे, आणि सोबत वाटाड्या घेतल्याशिवाय जाता येत नाही. हे वाटाडे बहुतेक इथल्या डामारा समाजाचे आहेत. त्यांच्या भाषेत या डोंगराचं नाव डाउरेस, जळता डोंगर.