'तिथे थर्मामीटर कोणी नेला होता?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गुरूच्या वरच्या वातावरणाच्या तापमानावरील माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "तिथे थर्मामीटर कोणी नेला होता? 900 केल्विन म्हणे! सगळं अंदाजपंचे. वाचकांना उल्लू बनवू नका." पुढे लेखाची लांबी, आकृत्या, माझी भाषा यांवर ताशेरे. आकृतीतली अक्षरं बारीक आहेत, मान्य. बाकीच्यात मी शिरत नाही. पण 'उल्लू बनवू नका' हे ऐकून घेणार नाही. शंका हव्या तेवढ्या विचारा, माझ्या हेतूवर का घसरता?

उभी हयात मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. अंधाऱ्या खोलीत, ग्रेटिंगमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या, बारीक रेघांच्या काचेतून) बघताना सोडियमच्या एका पिवळ्या रेषेच्या दोन होतात, ते किती मुलांना दाखवलं असेल! प्रकाशाच्या रेषांवरून काय काय कळतं, हे मी ऐकीव सांगत नाही.

आता थर्मामीटर. समजा, नेला. त्या उंचीवर वायू इतका विरळ की थर्मामीटरवर आदळणारे रेणू त्याला तापवूच शकत नाहीत. त्यांच्याकडून मिळेल त्याहून जास्त उष्णता तो स्वतःच बाहेर टाकेल आणि भलताच आकडा दाखवेल.

म्हणून वायूचाच प्रकाश तपासायचा. तिथे हायड्रोजनच्या तीन अणूंचा एक विद्युतभारित रेणू आहे, एच-थ्री-प्लस. गुरूवर तो 1989 मध्ये ओळखला गेला. तीन ते चार मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात तो चमकतो. तिथेच काही तरंगलांबींना खालचा मिथेन सूर्यप्रकाश शोषून घेतो, त्यामुळे बिंब काळवंडतं आणि या रेषा उठून दिसतात. वायू जितका तापलेला, तितक्या वरच्या ऊर्जापातळ्यांवरून येणाऱ्या रेषा इतरांच्या मानाने ठळक. त्यांच्या तेजाच्या गुणोत्तरावरून तापमान निघतं. नुसत्या उन्हाने जिथे 200 केल्विनच्या आसपास तापमान असायला हवं, तिथे कित्येक शे केल्विन जास्त भरतं. हवाईतल्या मौना केआवरच्या केक दुर्बिणीतून 2016 आणि 2017 मध्ये याच रेषांवरून तापमानाचा नकाशा काढला गेला. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याकडून विषुववृत्ताकडे तापमान उतरत जाताना त्यात दिसतं. म्हणजे उष्णता ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून येते, तेही समजलं!

आणि कोणी गेलंच नव्हतं, असंही नाही. 7 डिसेंबर 1995 रोजी गॅलिलिओ अंतराळ मोहिमेची, उपकरणं भरलेली कुपी गुरूच्या वातावरणात घुसली. वरच्या थरांत तिचा वेग किती घटला, त्यावरून घनता आणि घनतेवरून तापमान काढलं. तेही सुमारे 900 केल्विनपर्यंत पोचलं. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन पद्धती, आणि तुम्ही अंदाजपंचे म्हणता?

हे सगळं मूळ लेखात आहे. प्रतिक्रिया टाकण्याआधी तुम्ही तिथवर वाचलं होतं का, एवढंच सांगा.