‘आयपीएस आहे ना, मग झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डोंबिवलीकर,

लॅपटॉप घेताना आधी स्क्रीन बघा, प्रोसेसर नंतर, या माझ्या सल्ल्यावर तुम्ही चांगलेच तापलात. तुमचं म्हणणं असं : आता सगळीकडे आयपीएसच (कडेनेही रंग टिकवणारा स्क्रीन-पॅनलचा प्रकार) येतं, माहितीपत्रकावर बघण्याचा कोन 178 अंश छापलेला असतो, तेव्हा कोनाबिनाचं कौतुक पुरे, पैसे रॅम आणि ग्राफिक्स कार्डात घालावेत, शिवाय लोकलमध्ये शेजारचा डोकावतो, म्हणजे कोन अरुंद असलेलाच बरा. आणि जाता जाता लिहिलंत, की मुलगी यंदा उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्यासाठी 144 हर्ट्झचा गेमिंग लॅपटॉप जवळजवळ ठरलाय. खरं तर या शेवटच्या ओळीमुळेच मी एवढं लांबलचक लिहायला बसलो.

लोकलचं आधी उरकतो. जुनी, अरुंद कोनाची टीएन प्रकारची स्क्रीन बिघडते ती मुख्यतः वर-खाली. खालून बघितलं की रंग काळवंडून उलटे होतात, वरून बघितलं की पांढरट. शेजारी बसलेल्याला मात्र तुमची एक्सेल शीट आरामात वाचता येते. डोकावणाऱ्यांसाठी प्रायव्हसी फिल्म मिळते, ती लावा.

आता ते 178 अंश. कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) घसरत घसरत 10:1 वर येईपर्यंतचा कोन म्हणजे हा आकडा. समोरून 1000:1 असलेलं पॅनल कडेने 10:1 उरलं तरी चालतं! रंग किती सरकले, उजेड किती घटला, याचा त्यात पत्ताच नाही. डेस्कटॉपच्या टीएन मॉनिटरवरही 170/160 (आडवा/उभा कोन) छापलेलं असायचं, ते याच हिशोबाने. आयपीएसचे रंग कोनागणिक फारसे बदलत नाहीत, हे कबूल. पण न बदलणारा रंग बरोबरच असेल असं कुणी सांगितलं? चुकीचा लाल मग चारही बाजूंनी सारखाच चुकीचा दिसतो.

स्वस्त गेमिंग लॅपटॉपची गोम नेमकी इथेच आहे. पॅनल आयपीएस, 144 हर्ट्झ, सगळं झकास, आणि खाली बारीक अक्षरात ‘45% एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते याचं जुनं, टीव्हीचं माप). म्हणजे वेबवरच्या चित्रांसाठी जे एसआरजीबी माप धरतात, त्यातले साधारण 60-65 टक्केच रंग. कुंकवाचा लाल त्यावर विटकरी होतो. मुलगी पोस्टरमध्ये तो ‘दुरुस्त’ करील, आणि तेच पोस्टर मैत्रिणीच्या मोबाइलवर भडक दिसेल. हर्ट्झ जास्त म्हणजे हालचाल गुळगुळीत. रंगाशी त्याचा काही संबंध नाही. तिच्यासाठी 100% एसआरजीबी किंवा 72% एनटीएससी बघा, दोन्ही जवळपास एकच. ब्राइटनेस 300 निट्सच्या (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) खाली नको. 250 वाली स्क्रीन दुपारी खिडकीपाशी बसलं की आरसा होते.

रॅमचं म्हणाल, तर ती बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येते. (पातळ लॅपटॉपमध्ये बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे तुमचं बरोबर, आधीच जास्त घ्या.) पॅनलही मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बदलून मिळतं, नाही असं नाही, पण कनेक्टर 30 पिनचा की 40 पिनचा इथपासून जुळवाजुळव, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. नव्या लॅपटॉपवर हा उद्योग कशाला?

ओएलईडीचा (प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा स्क्रीनचा) मोह होईल. काळा खरोखर काळा, रंग भरपूर. पण काच बहुधा चकचकीत, ब्राइटनेस कमी केला की काहींच्या डोळ्यांना लुकलुक जाणवते, आणि फोटोशॉपच्या न हलणाऱ्या पट्ट्या वर्षानुवर्षं एकाच जागी राहिल्या तर डाग पडायची भीती. चार तास काम करणाऱ्या मुलीसाठी मी चांगलं मॅट आयपीएसच घेईन.

साडी घेताना आपण ‘जरा दारात उजेडात दाखवा’ म्हणतो, तेवढा हट्ट इथेही करा. दुकानातला चालू असलेला डेमो व्हिडिओ बंद करायला लावा, तो स्क्रीन खुलून दिसावी म्हणूनच बनवलेला असतो. पेनड्राइव्हवर मुलीचंच एखादं चित्र न्या, शिवाय गडद सावल्यांचा एक फोटो. ब्राइटनेस पूर्ण करा, झाकण पुढे-मागे हलवा, उभं राहून बघा. चित्र मोबाइलवर उघडून शेजारी धरा. मोबाइलची स्क्रीन नॅचरल मोडवर असू द्या, नाहीतर तोच भडक दाखवील.

आणि नावावर जाऊ नका. एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या पॅनलसह विकला जातो, फरक कळतो तो मॉडेलच्या लांबलचक क्रमांकावरून. तुम्ही ठरवलेल्याचा पूर्ण क्रमांक इथे टाका. पैसे भरायच्या आधी.